आधी वाजवा, मग रेकॉर्ड करा

मागच्या अंकात कॉलेजमधल्या बँडबद्दल थोडं लिहिलं होतं, त्यावर खूप पत्रं आणि मेल आले. बरेचसे प्रश्न दोनच गोष्टींभोवती फिरतायत, अल्बम कसा करायचा आणि शो कसे करायचे, म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच देतोय.

प्रश्न : दादा, आम्ही सांगलीचे चौघे. दोन गिटार, बेस, ड्रम्स, आणि एक गिटारवालाच गातो. नऊ गाणी तयार आहेत, सगळी आमची स्वतःची. वर्गणी काढून स्टुडिओचे तीन दिवस परवडतील एवढे पैसे जमवलेत. तीन दिवसात अल्बम होईल का? आणि सगळ्यांनी एकत्र वाजवायचं की एकेकाने वेगवेगळं?

होईल, पण आधी एक सांगा, ही नऊ गाणी लोकांसमोर किती वेळा वाजवलीत? पत्रात एकाही शोचा उल्लेख नाही म्हणून विचारतोय. जॅम रूममधे गाणं बसलंय असं वाटतं कारण तिथे चुकलं की थांबता येतं, परत पहिल्यापासून सुरू करता येतं, आणि मग मधे काय बिघडलं होतं ते कुणाच्याच लक्षात राहत नाही. स्टेजवर थांबता येत नाही. तिथे कळतं की दुसऱ्या कडव्यानंतरचा सोलो लांबलाय, समोरचे लोक मोबाईल काढायला लागलेत, गाण्याची पट्टी गायकाला अर्ध्या सुराने उंच पडतेय, आणि शेवटाला चौघं चार वेगवेगळ्या जागी थांबतायत. हे सगळं स्टुडिओत कळलं तर त्याचे तासाचे पैसे मोजावे लागतात.

ब्लॅक सॅबथ या इंग्लंडच्या बँडचा पहिला अल्बम ऑक्टोबर 1969 मधे लंडनला एका दिवसात रेकॉर्ड झाला, जवळजवळ स्टेजवर वाजवायचे तसाच वाजवून. हे ऐकलं की लोक म्हणतात, बघा, एका दिवसात होतं. अरे पण त्याच्या आधी ती पोरं बर्मिंगहॅमपासून हॅम्बर्गपर्यंत क्लबांमधे रात्ररात्र वाजवत होती, ते एका दिवसात उतरलं एवढंच. आपल्याकडचं बघायचं तर दिल्लीच्या इंडियन ओशन बँडचा 'डेझर्ट रेन' हा अल्बम स्टुडिओत झालाच नाही, 1 जानेवारी 1997 ला दिल्लीत रंगकर्मी सफदर हाश्मींच्या स्मृतीसाठी कार्यक्रम होता, त्यात त्यांनी जे वाजवलं तेच रेकॉर्डिंग पुढे अल्बम म्हणून आलं. म्हणून माझं ऐका, बुकिंग दोन-तीन महिने पुढे ढकला आणि तेवढ्यात चार-पाच शो करा, कॉलेज गॅदरिंग, एखादा कॅफे, मित्राच्या सोसायटीचा गणपती, काहीही चालेल. प्रत्येक शो मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी चौघांनी एकत्र बसून ऐका. नवातली तीन गाणी आपोआप गळतील, गळू द्या. सहा चांगली गाणी तीन दिवसात नीट होतात, नऊ गाणी केली तर शेवटची तीन रात्री अकराला दमलेल्या हातांनी वाजवलेली असतात आणि ते ऐकू येतं.

आता एकत्र की वेगवेगळं. माझा सल्ला असा की ड्रम्स करताना चौघांनीही वाजवायचं, पण ठेवायचे फक्त ड्रम्स, आणि जमलं तर बेस. गिटार आणि गाणं हे त्या वेळी नुसतं गाइड म्हणून, म्हणजे ड्रमर एकटा क्लिकच्या, म्हणजे कानातल्या मेट्रोनोमच्या टकटकीशी भांडत बसत नाही, त्याला कानात अख्खा बँड ऐकू येतो. पहिला पूर्ण दिवस ड्रम्स आणि बेसला द्या, दुसरा गिटारना, तिसऱ्या दिवशी सकाळी गळा तापवून गाणं, आणि उरलेल्या वेळात कोरस, टाळ्या, जे काय असेल ते. प्रत्येक गाण्याचा वेग आधीच ठरवून लिहून न्या, मिनिटाला 112 ठोके की 116 यावर स्टुडिओत वाद घालत बसू नका.

ड्रम्सकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण बाकी सगळं परत वाजवता येतं, ड्रम्स परत करायचे म्हणजे अख्खा सेटअप परत. नवीन स्किन्स दोन-तीन दिवस आधी चढवा म्हणजे त्या बसतात आणि ट्यूनिंग टिकतं. पेडलला, स्टूलला, हायहॅटच्या स्टँडला तेल द्या. आमच्या पहिल्या रेकॉर्डिंगला किक पेडलची स्प्रिंग कुरकुरत होती, जॅम रूमच्या दणदणाटात ती कधी ऐकूच आली नव्हती, पण संथ गाण्यात ओव्हरहेड, म्हणजे ड्रम्सच्या वर लावलेल्या माइकनी तो कुर्र-कुर्र आवाज इतका स्वच्छ पकडला की अख्खं गाणं परत वाजवावं लागलं. आणि एक गोष्ट इंजिनिअरला सांगून करून घ्या, दोन्ही ओव्हरहेड माइक स्नेअरच्या, म्हणजे ड्रमरच्या पुढ्यातल्या कडक आवाजाच्या ड्रमच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर हवेत. माइकची वायर स्नेअरवर धरायची, ती एका माइकपर्यंत ताणून तिथे चिमटीत पकडायची आणि तीच लांबी दुसऱ्या माइकपाशी नेऊन बघायची. अंतरात फरक पडला की तोच ठोका दोन माइकना थोडा पुढेमागे पोचतो आणि मिक्समधे स्नेअर पातळ होतो, मग कितीही बटणं फिरवली तरी ते भरून निघत नाही.

मिक्सिंग, म्हणजे सगळे ट्रॅक जुळवून एक गाणं करणं, त्या तीन दिवसात धरू नका. त्यासाठी पैसे वेगळे ठेवा, आणि रेकॉर्डिंग संपल्यावर आठवडाभर काहीही ऐकू नका. मास्टरिंग, म्हणजे मिक्सवरचा शेवटचा हात, शक्यतो दुसऱ्याच माणसाकडून, ताज्या कानांनी. आवाज अगदी फाटेपर्यंत वर चढवा असा आग्रह धरू नका, स्पॉटिफायसारखी अ‍ॅप्स गाणी साधारण उणे 14 लफ्सला (LUFS, आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) आणून वाजवतात, म्हणजे तुम्ही ठोकून मोठं केलेलं गाणं तिथे खालीच येणार आणि ठोक्यातला दम मात्र गेलेला असणार. आणि स्टुडिओतून निघताना सगळे ट्रॅक दोन हार्ड डिस्कवर घेऊन निघा, दोन्ही एकाच बॅगेत ठेवू नका.

प्रश्न : घरी लॅपटॉपवर गिटार रेकॉर्ड करतो, पण हेडफोनमधे आवाज उशिरा येतो, ताल धरताच येत नाही. लॅपटॉप बदलू का?

नको, आधी सॉफ्टवेअरमधला बफर बघ, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतो ते. 512 सॅम्पलला असेल तर 44.1 किलोहर्ट्झला एका बाजूचेच जवळजवळ 12 मिलिसेकंद होतात, जाताना तेवढे, येताना तेवढे. वाजवताना 128 ला आण, मिक्स करताना परत वर ने. इंटरफेसवर, म्हणजे गिटार लॅपटॉपला जोडायच्या डब्यावर, डायरेक्ट मॉनिटरचं बटण असेल तर ते चालू कर, मग आवाज लॅपटॉपमधे न जाता थेट कानात येतो.

जाता जाता, स्टेजवरही हेच होतं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे ड्रमर तुझ्यापासून 10 मीटरवर असेल तर त्याचा ठोका तुला 30 मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. मोठं स्टेज मिळालं की बँड पसरून उभा राहतो आणि म्हणतो आज टाइट वाजलं नाही. जवळ उभे राहा रे, बेसवाल्याने तर हायहॅटच्या, म्हणजे ड्रमरच्या पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या शेजारीच.

प्रश्न : नागपूरहून लिहितोय. आमचा गिटारिस्ट म्हणतो मराठीत रॉक बसत नाही, इंग्लिश नाहीतर हिंदीतच लिही. मला मराठीतच लिहायचंय. खरंच बसत नाही का?

बसतं, आणि हे मी मनापासून सांगतोय कारण हा प्रश्न मला वीस वर्षं ऐकू येतोय. कोलकात्यात मोहीनेर घोडागुली या बँडने बंगालीत हे सत्तरच्या दशकात केलं, मल्याळममधे अवियल या बँडचा अल्बम 2008 ला आला, तेव्हा त्यांच्या भाषा काय रॉकसाठी घडवलेल्या होत्या का.

अडचण कुठे येते ते सांगतो. आपण इंग्लिश गाण्याची चाल डोक्यात ठेवून त्यावर मराठी शब्द चिकटवतो, मग ते ओढूनताणून लागतात. उलटं करून बघ. आधी ओळ नुसती बोल, मोठ्याने, भांडताना बोलतो तशी, आणि तिचा आपला ठोका कुठे पडतो ते बघून रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी धून, त्यावर लाव. 'घर', 'वाट', 'आग' असे शब्द बोलताना व्यंजनावर बंद होतात, ते स्नेअरवर आपटायला उत्तम. 'रस्ता', 'वारा', 'डोळा' हे आकारावर उघडे राहतात, वरच्या पट्टीत ताणायचा सूर असेल तिथे ते ठेव, तिथे ईकार आला की बहुतेकांचा गळा चिमटतो. आणि आपल्याकडे छंदांची केवढी मोठी शिदोरी आहे, छोटा अभंग आठ-आठ अक्षरांचा असतो, चार मात्रांच्या एका बारमधे अर्ध्या-अर्ध्या मात्रेला एक अक्षर टाकलं तर एक चरण एका बारमधे बरोब्बर संपतो. मोठ्या अभंगाचं सहा-सहा-सहा-चार आहे, त्यात ते शेवटचं आखूड चार आलं की गिटारला उत्तर द्यायला आपोआप जागा मिळते. एकदा असं लिही आणि गिटारिस्टला वाजवायला दे, वाद तिथेच मिटेल.

प्रश्न : आमच्या बँडमधे एकजण गाणी लिहितो, पण म्युझिक सगळे मिळून करतो. अल्बम आल्यावर पैसे कसे वाटायचे यावरून आत्ताच कुरबुर सुरू झालीय.

आत्ताच सुरू झालीय हे बरं झालं. गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, एक शब्द आणि चालीचा, दुसरा रेकॉर्डिंगचा. शब्द-चालीचा हक्क लिहिणाऱ्याच्या हयातीत आणि पुढे 60 वर्षं चालतो, रेकॉर्डिंगचा प्रकाशनापासून 60 वर्षं, म्हणजे हे तुमच्या नातवंडांपर्यंत जाणारं प्रकरण आहे. प्रत्येक गाण्याचं नाव, शब्द कुणाचे, चाल कुणाची, कुणाचा किती टक्के, एवढं एका कागदावर लिहा, सगळ्यांनी सह्या करा, प्रत्येकाकडे एक प्रत. लिहिणाऱ्याने आणि चाल देणाऱ्यांनी आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हावं, गाणी तिथे नोंदवावी. रेकॉर्डिंगचा खर्च कुणी किती घातला तेही त्याच कागदावर येऊ दे. हे गाणं अपलोड करायच्या आधी करा.

प्रश्न : आमचा शो दहाला बंद करायला लावला, अजून तीन गाणी बाकी होती. हॉलमधे असतं तर चाललं असतं का?

बंदिस्त, आवाज बाहेर न जाणारा हॉल असेल तर चालतं. उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद, हा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमधला नियम आहे. सण-समारंभासाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण तो दिवस तुमच्या शोचा असेलच असं नाही. हॉस्पिटल, शाळा, कोर्टाच्या 100 मीटर परिसरात सरकारने शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असू शकतं, तेही जागा ठरवताना बघा. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवन या खुल्या थिएटरमधे 1986 पासून इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव व्हायचा, आपल्याकडच्या कितीतरी बँडची मोठं स्टेज बघण्याची ती पहिली जागा, आणि ती मैफलींसाठी बंद झाली ती याच शांतता क्षेत्रामुळे. मला त्याचं अजून वाईट वाटतं, पण शेजारी हॉस्पिटलं आहेत हेही खरंच आहे.

सेटलिस्ट, म्हणजे शोमधल्या गाण्यांची यादी, साडेनऊला संपेल अशीच बांधा आणि तुमचं सगळ्यात जोरदार गाणं शेवटी ठेवू नका, शेवटून तिसरं ठेवा.

प्रश्न : माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ड्रम्स वाजवतो. मी वाजवायला नाही म्हणत नाही, पण प्रॅक्टिसहून आला की त्याच्या कानात तासभर शिट्टी वाजते म्हणतो. काळजी करू का?

ताई, हो, करा. ती शिट्टी म्हणजे कानाने दिलेली सूचना आहे, आणि आतल्या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी एक हिशोब वापरतात, 85 डेसिबल आठ तास चालतात, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. छोट्या खोलीत ड्रम्स आणि दोन अ‍ॅम्प चालू असले की 100 सहज होतात. कापूस घालून उपयोग नाही. वाजवणाऱ्यांसाठी वेगळे इअरप्लग मिळतात, त्यात आवाज कमी होतो पण दबका होत नाही, ते त्याला वाढदिवसाला द्या, आणि एकदा कानाच्या डॉक्टरकडे ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या.

प्रश्न : साताऱ्याजवळ एका मंडळाच्या स्टेजवर वाजवलं. गाताना ओठ माइकला लागला की झिणझिण्या यायच्या. साउंडवाला म्हणाला एवढं चालतं. चालतं का?

नाही. अजिबात नाही. 1972 मधे वेल्समधल्या स्वान्सीला स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस्ली हार्वी स्टेजवरच माइकला हात लागून गेला, अर्थिंग नव्हतं म्हणून.

तुझा एक हात गिटारच्या तारांवर, तारा अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या. माइक मिक्सरच्या अर्थला. अ‍ॅम्प एका बोर्डावर आणि मिक्सर दुसरीकडून ओढलेल्या वायरवर असेल, किंवा एकाचा अर्थच तुटलेला असेल, तर त्या दोघांमधला करंट तुझ्या ओठातून हातात जातो. पावसाळ्यात मांडवाच्या ओल्या फळ्यांवर चपला काढून उभं असलं तर आणखी वाईट. त्यामुळे स्टेजवरचे अ‍ॅम्प आणि मिक्सर एकाच जागेवरून वीज घेतील असं सांग, बोर्डाला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आहे का ते विचार, आणि कुणी घूं आवाज घालवायला प्लगची वरची जाड पिन काढली असेल तर तो प्लग लावूच देऊ नको. घूं आवाजासाठी डीआय बॉक्सवर, म्हणजे गिटार किंवा बेस मिक्सरला जोडायच्या डबीवर, ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबायचं.

साउंडचेकला माइक तोंडाजवळ घ्यायच्या आधी टेस्टर माइकच्या जाळीला लावायचा, मग गिटारच्या तारांना. दिवा लागला तर गायचं नाही, मंडळाचे अध्यक्ष समोर उभे असले तरी. दिवा नाही लागला तरी अर्थिंग बघून घ्यायचंच. टेस्टर गिटारच्या बॅगेत, पिक्सच्या कप्प्यातच ठेव.