मोठ्यांच्या लेखनात मी काय खोट काढणार?

"मॅडम, एवढ्या मोठ्या अभ्यासकांच्या लेखनात मी काय खोट काढणार?" शोधनिबंध लिहिणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी दरवर्षी हे विचारतं. अशाच एका मुलीची गोष्ट तिच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतपत बदलून सांगते.

एम. ए. समाजशास्त्राचं दुसरं वर्ष. विषय होता महाराष्ट्राची रोजगार हमी योजना. निबंध दुसऱ्यांदा परत आला होता आणि समासात सरांनी लाल शाईने लिहिलं होतं, 'सारांश चांगला. तुझं म्हणणं कुठे आहे?' तिची झोप उडाली होती. आपलं शिक्षण खेड्यात झालं, भाषा कच्ची राहिली, म्हणून हे होतंय अशी तिने स्वतःची समजूत करून घेतली होती.

मी निबंध वाचला. भाषा स्वच्छ होती. पण प्रत्येक परिच्छेद 'अमुक यांच्या मते' असा सुरू व्हायचा आणि या अमुकांची एकमेकांशी गाठच पडत नव्हती. एका परिच्छेदात 1977 चा कायदा, 26 जानेवारी 1979 पासूनची अंमलबजावणी, मागेल त्याला काम. लगेच खाली रॅव्हॅलियन, दत्त आणि चौधरी या अर्थतज्ज्ञांचा 1993 चा लेख: 1988 मध्ये मजुरी वाढली आणि मागणाऱ्या प्रत्येकाला काम मिळेलच असं राहिलं नाही.

"मग हमी होती की नव्हती?" मी विचारलं.

ती बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिली. मग म्हणाली, "आजी जायची खडी फोडायला. मुकादम कधी घ्यायचा, कधी परत पाठवायचा."

"हे निबंधात का नाही?"

"आजीचं कसं लिहिणार, मॅडम?"

गाठ इथे होती. मोठ्यांना उलट बोलू नये हे आपल्या हाडीमाशी इतकं मुरलेलं असतं, की टीका म्हणजे उद्धटपणा वाटतो. मी तिला म्हटलं, "अगं, ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीकाच ना? त्यात गीतेचा अवमान झाला का?" टीका म्हणजे भाष्य, हा त्या शब्दाचा जुना अर्थ मुलांना कुणीतरी सांगायला हवा, असं मला फार मनापासून वाटतं.

एकट्या आजीवरून सगळ्या राज्याबद्दल विधान करता येत नाही, हेही सांगितलं. पण प्रश्न आजीकडून यायला काहीच हरकत नाही. उत्तराचा पुरावा मात्र अभ्यासातून शोधावा लागतो. मग 1993 चा तो लेख समोर ठेवून बसलो. आकडे कुठले? कोणत्या काळातले? त्यातून काय कळत नाही? तिसऱ्या प्रश्नाशी ती थांबली. "हे राज्यभराचे एकत्रित आकडे आहेत. काम कमी पडलं हे कळतं. परत कुणाला पाठवलं, ते नाही कळत." आणि जरा वेळाने, "बायांना आधी परत पाठवत असतील का?"

"लिही," मी म्हटलं.

तिने लिहिलं: 'मजुरीवाढीनंतर हमी कमकुवत झाली हा निष्कर्ष पटतो, मात्र कामाविना परतलेले मजूर कोण होते, याचं उत्तर एकत्रित आकड्यांतून मिळत नाही.' 'पटतो' लिहिताना हात अडखळला, दोनदा खोडलं, पण शेवटी तोच शब्द ठेवला.

महिन्याभराने ती पुन्हा आली, निबंध दाखवायला. त्या वाक्याशेजारी सरांनी लाल शाईतच विचारलं होतं, 'परत पाठवलेल्यांच्या नोंदी कुठे मिळतील?' तहसील कार्यालयात कधी जायचं, ते तिचं ठरलंही होतं.