घडीच्या कटरचं पातं डुगडुगतं: दोष पात्याचा की चाकूचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घडी होणारा, बदलत्या पात्याचा कटर नवाच आहे, तीनदा पातं बदललं तरी टोक डुगडुगतं, आणि एकदा पुठ्ठा कापताना पातं पुठ्ठ्यातच अडकून राहिलं. पाती खराब की चाकूच तसला?

चाकूच तसला. ही समलंब आकाराची पाती जवळपास एकाच मापाची मिळतात: लांबी साधारण ६१ मिमी, रुंदी १९ मिमी, जाडी ०.६ मिमीच्या आसपास, पाठीला बहुधा दोन खाचा. एवढा साधा तुकडा घट्ट धरून ठेवणं हेच या चाकूचं मुख्य काम, आणि काटकसर नेमकी तिथंच होते. मूठ देखणी, क्लिप झकास, आणि पातं जिथं बसतं ते घर मात्र ओबडधोबड ओतलेलं.

आधी नक्की काय हलतंय ते पाहा. यात दोन सांधे आहेत: घर मुठीला जिथं जोडलंय ती बिजागरी, आणि घर व पातं यांच्यातली फट. पातं काढून ठेवा, घर उघडून लॉक होऊ द्या आणि रिकामं घर चिमटीत धरून आडवं हलवा. ते हललं नाही तर बिजागरी ठीक आहे, दोष फटीत आहे.

फटीत थोडासा खेळ असला तरी टोकाशी तो मोठा होऊन दिसतो. समजा, फट पात्यापेक्षा फक्त ०.२ मिमी रुंद आहे. पातं ३० मिमी आत आणि तेवढंच बाहेर असेल, तर टोक या बाजूपासून त्या बाजूपर्यंत ०.६ मिमी सरकतं, म्हणजे पात्याच्या जाडीएवढं! दोरी कापताना हे जाणवणार नाही. पण पट्टी लावून सरळ रेघेत कापायला गेलात की प्रत्येक काप वाकडा जातो.

पातं निसटून येणं हा मात्र वेगळा आणि जास्त गंभीर दोष. आपण चाकू स्वतःकडे ओढतो तेव्हा पुठ्ठा पात्याला घराबाहेर खेचत असतो. ती ओढ पेलायला घरात एक बारीकसा दात असतो, तो पात्याच्या खाचेत बसतो. हा दात ओतीव जस्ताचा आणि कडांना गोलसर असेल तर पोलादी पातं त्याला झिजवतं, आणि मग पातं नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर टिकून राहतं. तपासायला जुनं, बोथट पातं बसवा, त्याच्या सपाट बाजू पक्कडीत धरा आणि सरळ ओढा. पातं सोडवणारा खटका न दाबता ते अर्धा मिलिमीटरही पुढं आलं, तर तो चाकू दुरुस्तीच्या फंदात न पडता परत करा.

खटक्याची जागाही बघा. पातं झटपट बदलण्याचं बटण बऱ्याच चाकूंमध्ये घराच्या कुशीला असतं, म्हणजे जोर देताना अंगठा किंवा तर्जनी जिथं टेकते तिथंच. ही आखणीतलीच चूक, वापरणाऱ्याचा हलगर्जीपणा नव्हे. बटण पृष्ठभागाच्या आत दबलेलं हवं. स्क्रूनं आवळायचं घर बदलायला वेळ खातं, पण रोज पुठ्ठे फोडणाऱ्यानं मी तर तेच घ्यावं म्हणेन.

आता लॉक. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पोलादी पत्ती आडवी सरकून घराच्या बुडाला टेकते. ती बुडाच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत आलेली असावी. जेमतेम कडेला टेकत असेल तर मूठ पिळल्यावर सुटू शकते. पलीकडच्या टोकापर्यंत गेली असेल तर घराचं बुड झिजलंय. पातं काढूनच घराची पाठ लाकडावर चार-पाच वेळा हलकेच आपटा. लॉक सुटलं तर विषय संपला. पाठीवरच्या लॉकमध्ये मुठीच्या पाठीतली दांडी घराच्या खोबणीत बसते. त्याला वेगळाच त्रास: पुठ्ठ्याची धूळ खोबणीत साचते, दांडी पूर्ण बसत नाही आणि मुठीच्या पाठीवर किंचित उंच राहते. बोट फिरवलं की लगेच कळतं. जुन्या टूथब्रशनं साफ केलं की बहुधा जागेवर येते.

बिजागरीचा स्क्रू सारखा ढिला होतो, कारण स्वस्त चाकूत त्याचा दांडा पूर्ण गोल असतो आणि घर उघडता-मिटताना तोही सोबत फिरतो. एका बाजूनं सपाट केलेला दांडा मुठीत फिरू शकत नाही. गोलच असेल तर स्क्रू काढून त्याचं तेल स्पिरिटनं पुसा, निळ्या, मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा (स्क्रूचे आटे धरून ठेवणाऱ्या द्रवाचा) एक थेंब लावा, पूर्ण आवळून अगदी किंचित मागं सोडा आणि २४ तास तसाच ठेवा. मूठ प्लॅस्टिकची असेल तर हे टाळा. काही प्लॅस्टिकना या द्रवानं तडे जातात.

फटीतला खेळ घालवायला शीतपेयाच्या ॲल्युमिनियम डब्याचा पत्रा चालतो, तो साधारण ०.१ मिमी जाड असतो. कात्रीनं तुकडा कापा, कडा घासून घ्या आणि फटीत एकाच बाजूला सरकवा. दात झाकला जाणार नाही एवढाच ठेवा, नाहीतर पातं खाचेत बसणारच नाही. लावल्यावर वरची पक्कडीची चाचणी पुन्हा करा.

मिटलेल्या अवस्थेचंही एक पाहून घ्या. नवं पातं बसवून चाकू एकदा मिटा, उघडा आणि टोक उजेडात धरा. टोकाला चमकता ठिपका दिसला, तर मिटताना ते आतल्या एखाद्या स्क्रूवर किंवा आधाराच्या तुकड्यावर आपटतंय आणि प्रत्येक नवं पातं कापायच्या आधीच बोथट होतंय. आकडीच्या, म्हणजे हुकासारखं टोक असलेल्या पात्यांची रुंदी वेगळी असू शकते. ती लावून काही चाकू पूर्ण मिटतच नाहीत आणि आकडी खिशात बाहेर डोकावते.