कंपनीच्या ऑनलाइन कोर्सला पॉइंट, बॅज, लीडरबोर्ड (गुणांनुसार क्रमवारीची यादी) लावले, तरी लोक नुसतं ‘नेक्स्ट’ दाबत पुढे जातात. काय बदलावं?

आधी पॉइंट नेमके कशाला मिळतात ते बघा. पान उघडलं की पॉइंट, असा नियम असेल तर लोक पानंच उघडणार, त्यात त्यांची चूक नाही. मूडल (ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर अॅक्टिव्हिटी कम्प्लीशनमध्ये, म्हणजे धडा ‘पूर्ण’ कधी धरायचा त्या सेटिंगमध्ये, ‘पाहिलं’ ही अट काढून पासिंग ग्रेडची अट घाला, आणि क्विझमध्ये ‘ग्रेड टू पास’ (पास व्हायला लागणारे गुण) भरायला विसरू नका. बॅजही त्यालाच जोडा. अमर्याद प्रयत्न दिले की अंदाजपंचे उत्तरं सुरू होतात. म्हणून दोन प्रयत्नांत एक दिवसाचं अंतर ठेवा आणि प्रश्न क्वेश्चन बँकेतून (साठवलेल्या प्रश्नांच्या संचातून) रँडम येऊ द्या. ५ प्रश्न विचारायचे तर बँकेत निदान २५-३० हवेत, नाहीतर उत्तरं व्हॉट्सअॅपवर फिरतात.

प्रश्न प्रसंगातले असावेत. ‘फिशिंग (बनावट ईमेलने फसवून माहिती काढणं) म्हणजे काय?’ विचारू नका. बनावट बिलाचा ईमेल दाखवा आणि संशयास्पद जागेवर क्लिक करायला लावा. उत्तर चुकलं की का चुकलं हे लगेच, दोन ओळींत सांगा. माझ्या मते बॅजपेक्षा या दोन ओळींनी माणूस जास्त शिकतो.

सगळ्या कंपनीचा एकच लीडरबोर्ड मात्र बंदच करा. वरचे थोडे जण खेळतात, बाकीचे बरेचदा हळूहळू सोडून देतात. त्याऐवजी टीमची सरासरी दाखवा (बेरीज घेतली तर मोठी टीमच जिंकते) आणि दर सोमवारी आकडे शून्यावर आणा. वेगाला बोनस देऊ नका, आणि हे गुण अप्रेझलला तर अजिबात जोडू नका.