खिशातलं पेन आणि उसनी मोटारसायकल

प्रिय,

तुझं पत्र आणि सोबतची तुझ्या कादंबरीची चाळीस पानं, दोन्ही वाचून झाली. पानांबद्दल शेवटी बोलू. आधी तुझा प्रश्न: ‘हॅरी पॉटर’ लिहिणारी जे. के. रोलिंग थोर की ‘पर्सी जॅक्सन’ लिहिणारा रिक रायर्डन? गप्पांत वाद घालायला झकास विषय आहे, पण स्वतः लिहायला बसलेल्याच्या तो फारसा कामाचा नाही. कोणाकडून काय उचलता येईल, ते बघ.

रायर्डनपासून सुरू करते, कारण त्याला ‘हॅरी पॉटरची नक्कल’ म्हणून निकालात काढतात, आणि तूही जवळजवळ तेच केलं आहेस. एक मुलगा, दोन जिवलग, भविष्यवाणी, मुलांची छावणी, साम्य आहेच. पण मूळ बघ. रायर्डन शाळेत इंग्रजी आणि इतिहास शिकवायचा. त्याच्या मुलाला एडीएचडी (लक्ष एका जागी टिकत नाही, स्वस्थ बसवत नाही) आणि डिस्लेक्सिया (वाचताना अक्षरांशी झगडावं लागतं). रात्री झोपताना ग्रीक पुराणकथा सांगता सांगता साठा संपला, तेव्हा मुलगा म्हणाला, नवीन रच. त्यातून पर्सी जॅक्सन आला. पहिलं पुस्तक २००५चं, आणि पाच भागांची मूळ मालिका २००९मध्ये पुरी झाली. पर्सीला अक्षरं नाचताना दिसतात, कारण त्याचा मेंदू प्राचीन ग्रीक वाचायला घडलेला असतो. वर्गात त्याला स्वस्थ बसवत नाही, कारण अंगात लढवय्याची चपळाई असते. बापाला मुलाला जे सांगायचं होतं, तोच त्या जगाचा नियम झाला. हे नकलेतून सुचत नाही.

त्याची सुरुवातही बघ. पर्सी स्वतःच बोलतो, आणि पहिल्याच वाक्यात कुरकुरतो की मला हे अर्धदेव वगैरे व्हायचंच नव्हतं. मग सहलीत, संग्रहालयात, गणिताच्या बाईंना पंख फुटतात. सर एक पेन फेकतात, हातात येईस्तोवर त्याची तलवार झालेली असते. देवांचं घर ऑलिंपस कुठे, कोणत्या देवाचं कोणाशी वाकडं, आपल्याला काही ठाऊक नसतं. तरी पान उलटतंच.

रोलिंगचं कसब दबा धरून बसण्याचं. १९९७च्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात हॅग्रिड नावाचा धिप्पाड माणूस तान्ह्या हॅरीला उडत्या मोटारसायकलवरून घेऊन येतो. गाडी कुठून मिळाली? सिरियस ब्लॅककडून उसनी आणली. संपलं. आपल्या डोळ्यांपुढे मोटारसायकल राहते, नाव गळून जातं. १९९९च्या तिसऱ्या पुस्तकात तेच नाव सगळी कथा उलटीपालटी करतं. जादूचा झगा काढला तर खाली रहस्यकथाच आहे, हे माझं जुनं मत.

दोष दोघांतही आहेत. पर्सीची थट्टा जिवावर बेतलं तरी थांबत नाही, त्यामुळे भीती पातळ होते. रोलिंगची भीती पुस्तकागणिक दाटत जाते, पण तिचं पाचवं, सगळ्यांत जाडजूड पुस्तक वाचताना मला चक्क डुलकी लागली होती. एकच मालिका जवळ ठेव म्हटलं तर मी रोलिंगची ठेवीन. तुला मात्र सध्या रायर्डनची गरज आहे.

कारण ती चाळीस पानं. राजघराण्याच्या सात पिढ्या, तीन चंद्र, दोन तह, आणि नायिका उगवते सव्विसाव्या पानावर! ती ओढ्यात आत्याचे बूट धुते आहे आणि पाणी उलटं, डोंगराकडे वाहायला लागतं. तिथे मी खुर्चीत सावरून बसले. कथा तिथून सुरू कर. आधीची पंचवीस पानं काढ. त्यातलं एकच नाव वाचव, त्या आत्याच्या बेपत्ता भावाचं, आणि बूट कोणाचे होते हे कोणीतरी सहज बोलून जाईल तेव्हा ते येऊ दे. पुढची दोनशे पानं त्याच्याबद्दल चकार शब्द नको. वंशावळ फाडू नकोस, तुझ्या वहीत राहू दे.

नकाशा फार देखणा काढला आहेस. तो परत पाठवत नाही.

तुझी,
मावशी