परदेशात प्रशिक्षण घेऊन आलेल्यांची कोल्हापुरात संघटना काढायची आहे. नोंदणी, वर्गणी आणि नाव कसं ठरवावं?

प्रश्नकर्ते शिरोलीच्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात आहेत, जपानला तीन आठवड्यांचं ट्रेनिंग करून आलेत, आणि नोंदणी, वर्गणी, नाव असे तीन मुद्दे त्यांनी विचारलेत. या तिन्हींच्या आधीचा प्रश्न त्यांनी विचारलेला नाही आणि संस्था बुडतात त्या तिथंच. सभासद कुणाला म्हणायचं?

कोल्हापुरात 'फॉरेन ट्रेनिंगवाले या' म्हटलं की चार तऱ्हेची माणसं येतात. एओटीएस या जपानी प्रशिक्षण संस्थेतर्फे गेलेले, म्हणजे खासगी कारखान्यांतले सुपरवायझर, मॅनेजर. जायका या जपान सरकारच्या सहकार्य संस्थेतर्फे गेलेले, हे बहुतेक सरकारी-निमसरकारी अधिकारी. रोटरीच्या ग्रुप स्टडी एक्स्चेंज या परदेशी अभ्यासदौऱ्यातले जुने लोक. तो कार्यक्रम २०१३ ला बंद झाला, त्यामुळे त्यांत नवी भर पडत नाही. आणि चौथे, जर्मनीत डुसेलडॉर्फला दर चार वर्षांनी भरणारं गिफा हे फौंड्रीचं प्रदर्शन बघून आलेले.

चौथ्यांना घेऊ नका. गिफाला जरूर जावं, पण ती सहल आहे. एकदा घेतलं की पुढच्या वर्षी मशिन खरेदीसोबत चार दिवस फॅक्टरी दाखवायला नेलेले येतात, त्यांना नाही म्हणता येत नाही, आणि मग जे खरोखर सहा आठवडे वर्गात बसून आलेत ते सभेला यायचे बंद होतात. निकष संस्थेच्या घटनेत घाला: निवड दुसऱ्या संस्थेनं केलेली, अभ्यासक्रम ठरलेला, किमान दहा कामाचे दिवस, शेवटी प्रमाणपत्र. प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडल्याशिवाय सभासदत्वाचा फॉर्म घ्यायचाच नाही, मग तो कितीही मोठ्या कारखानदाराचा असो.

त्यानंतर रजिस्टर. नाव, कार्यक्रम, पाठवणारी संस्था, वर्ष, देश, किती दिवस, विषय, आणि संपर्क. संपर्कात कंपनीचा ईमेल चालवू नका. नोकरी सुटली की तो पत्ता मेला, आणि फौंड्रीतली माणसं नोकऱ्या बदलतातच. स्वतःचा ईमेल, स्वतःचा मोबाईल, आणि घरचा एक नंबर. पाठवणाऱ्या संस्थेकडं यादी मागितलीत तर खासगी माहिती म्हणून ती मिळणार नाही, त्यात त्यांचं चुकत नाही. 'आमचं एक पानी पत्र तुमच्या जुन्या प्रशिक्षणार्थींना पाठवाल का' असं विचारा; याला बहुधा हो मिळतं. इकडं स्मॅक, गोशिमा, कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन या उद्योजकांच्या संघटनांकडून तेच पत्र फिरवून घ्या. चाळीस माणसं रजिस्टरला लागेपर्यंत नोंदणीचं नाव काढू नका. तोवर एखाद्या औद्योगिक संघटनेची उपसमिती म्हणून काम करा, हॉल त्यांचा वापरा.

आमचे एक ज्येष्ठ सहकारी अजूनही म्हणतात की आधी रजिस्ट्रेशन करा, माणसं आपोआप येतात. त्यांच्या या मताची किंमत आमच्या संस्थेनं मोजली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सोसायटी नोंदणी अधिनियम, १८६० खाली सात माणसं लागतात. महाराष्ट्रात तीच संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही नोंदवावी लागते, त्याचा अर्ज तीन महिन्यांत. दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयातच. सात नावं भरायची म्हणून दोघांच्या सह्या 'नुसत्या नावाला' घेतल्या गेल्या. तीन वर्षांत सातांतला एक पुण्याला गेला, एक आखातात, एका अधिकाऱ्याची बदली झाली. निवडणूक झाली, पेढे वाटले, पेपरात फोटो आला. चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची धर्मादाय कार्यालयाला द्यायची माहिती, मात्र कुणीच भरला नाही. १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तो ९० दिवसांत भरायचा असतो. बँकेत सह्या बदलायला गेल्यावर त्यांनी परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीचा, उतारा मागितला. उताऱ्यावर जुनीच सात नावं. पैसे खात्यात पडून, आणि चेकवर सही करणारा आखातात.

मग विलंबमाफीचा अर्ज. त्याला सभेची नोटीस, ती पोचल्याचा पुरावा, हजेरीपत्रक, प्रोसिडिंग, जुन्या मंडळींची प्रतिज्ञापत्रं. नोटीस व्हॉट्सॲपवर गेलेली आणि घटनेत कलम होतं 'रजिस्टर पोस्टाने, पंधरा दिवस आधी'. हे कलम आलं कुठून? एका शिक्षण संस्थेच्या घटनेवरून, नाव तेवढं बदलून उतरवलेलं. उद्दिष्टांत 'बालवाडी चालवणे' सुद्धा तसंच राहिलं होतं.

म्हणून बाकी घटना कुणाचीही उतरवा, तीन कलमं स्वतः बसून लिहा. नोटिशीचं: 'नोंदवलेल्या ईमेलवर, व्हॉट्सॲपवर किंवा हस्तपोच'. रजिस्टर पोस्ट तर २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालंय, त्याचं नावही घालू नका. गणसंख्येचं: एक पंचमांश पुरे, आणि 'गणसंख्येअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल, तिला गणसंख्येचे बंधन नाही' हे वाक्य हवंच. बँकेचं: तिघांपैकी दोघांच्या सह्या. हे तिघं कोल्हापुरात घर असलेले हवेत, बदलीच्या नोकरीतले नकोत. जायकावाल्या अधिकाऱ्यांना अध्यक्ष करा, सल्लागार करा, खजिनदार करू नका.

वर्गणी वर्षाला ₹५००. साठ सभासद धरले तर तीस हजार होतात. ऑडिटरची फी आणि दोन सभांचा चहा-नाष्टा निघतो. हिशेब ३१ मार्चला बंद करून ऑडिट ३० सप्टेंबरपर्यंत झालं पाहिजे. आजीव सभासदत्व ठेवू नका. ते पैसे पहिल्याच कार्यक्रमात संपतात आणि आजीव सभासद पुन्हा तोंड दाखवत नाही, तरी गणसंख्येत मोजावा लागतो. वार्षिक वर्गणीत सोय अशी की तीन महिन्यांपेक्षा जास्त थकबाकी असलेल्याला १८६० च्या कायद्याचं कलम १५ मतदान करू देत नाही आणि सभासद म्हणून मोजतही नाही. रजिस्टर आपोआप साफ राहतं.

नावाबद्दल थोडक्यात. पाठवणाऱ्या संस्थेचं नाव किंवा लोगो तिच्या लेखी परवानगीशिवाय वापरू नका. एओटीएसच्या माजी प्रशिक्षणार्थींच्या संघटना आधीपासून आहेत, चेन्नईची एबीके-एओटीएस दोसोकाई हे त्यातलं ठळक नाव. त्यांच्याशी जोडून घेता येतं का ते आधी विचारा. 'भारतीय', 'राष्ट्रीय', 'इंटरनॅशनल' असले शब्द घातले की अर्जावर शेरा येतो. अर्जात पसंतीक्रमानं तीन नावं द्या.

आता हे सगळं करून लोक सभेला येतील का? स्नेहमेळाव्याला एकदा येतात. टिकतात ते दोन कामांनी. एक, नव्यानं अर्ज करणाऱ्यांचे फॉर्म तपासून देणं; त्यात 'परत येऊन काय करणार' या रकान्यात सगळे 'ज्ञान वाटणार' लिहितात आणि गळतात. तिथं 'सँड मोल्डिंग लाईनवरचं ब्लो-होलचं रिजेक्शन आठ टक्क्यांवरून पाचवर आणणार' असं लिहायला लावा (ब्लो-होल म्हणजे ओतकामात वायूमुळे राहिलेली पोकळी). दोन, परत आल्यावर सहा महिन्यांनी त्याच रकान्याचा कागद घेऊन त्या प्रशिक्षणार्थीच्या कारखान्यात जायचं आणि आकडा विचारायचा. आठजण गेले तरी पुरे. सुट्टीचा वार आधी विचारा, सगळ्या कारखान्यांना रविवारच असतो असं नाही.

एक राहिलंच, आणि हे वरच लिहायला हवं होतं. परदेशी संस्था कार्यक्रमासाठी 'थोडी मदत' देऊ करते. ती खात्यात घेऊ नका. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी, यांशिवाय परदेशी देणगी घेणं गुन्हा आहे, रक्कम कितीही छोटी असो. नोंदणीसाठी साधारणपणे तीन वर्षं जुनी संस्था आणि त्या तीन वर्षांत उद्दिष्टांवर १५ लाखांचा खर्च लागतो, म्हणजे आपल्यासारख्यांनी तो विषय सोडून द्यावा. कार्यक्रम त्यांनी त्यांच्या नावानं करावा, हॉलचं बिलही त्यांनीच भरावं, आपण माणसं जमवावी. या बाबतीत माझ्यावर न विसंबता सीएला विचारा.

आणि लेटरहेड छापू नका. आमच्याकडं जुन्या सात नावांची दोन रिमं पडून आहेत. पाठकोऱ्या बाजूवर सभेची हजेरी घेतो.