गच्चीवर सूर्ययंत्र उभारणाऱ्या काकांना थांबवावे का?

आपला प्रश्न असा आहे की, पाठीशी कंपनी वा सरकार नसताना एकट्या माणसाने ऊन, वारा किंवा समुद्र यांच्या जोरावर मोठे यंत्र खरोखर चालवून दाखवल्याचे एक तरी उदाहरण आहे का, आणि आपले काका गच्चीवर आरशांचे जे यंत्र उभारत आहेत, त्यापासून त्यांना परावृत्त करावे का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुंबईतच आहे, आणि ते आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही याची मला मनापासून खंत वाटते.

विल्यम ॲडम्स हे मुंबई उच्च न्यायालयात उपनिबंधक होते. व्यवसायाने अभियंते नव्हते. १८७६ च्या अखेरीस त्यांनी १७ इंच बाय १० इंचांचे सपाट आरसे एका चौकटीवर एकेक करून वाढवत, दर वेळी तापमान मोजत, ७२ आरशांपर्यंतचा हिशेब बसवला. सगळ्या आरशांचे ऊन जिथे एकवटे तिथे धरलेले लाकूड लगेच पेट घेई. बॉयलर जागेवर स्थिर आणि चौकट अर्धवर्तुळाकार मार्गावरून फिरणारी, अशी रचना असल्यामुळे एका मजुराने ती दिवसातून तीन-चार वेळा सरकवली की काम भागत असे. त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे इंजिन कुलाब्यातील त्यांच्या बंगल्याच्या आवारात पंधरवडाभर दिवसा चालले, आणि ते पाहायला सैन्याचे सेनापती, न्यायाधीश आणि मुंबईचे गिरणीमालक येऊन गेले. १८७८ मध्ये ॲडम्स यांनी यावर पुस्तकही प्रसिद्ध केले. त्यांच्या सूर्यचुलीवर जानेवारीतल्या उन्हात सात शिपायांचे जेवण दोन तासांत शिजत असे. एवढे होऊनही गिरण्या कोळशावरच चालत राहिल्या.

हे मी इतक्या तपशिलाने सांगतो आहे, कारण आमच्या घरातही असा एक माणूस होऊन गेला. आमचा सोलापुरात सूत रंगवण्याचा व्यवसाय होता, आणि रंगाच्या टाक्यांचे पाणी तापवण्यासाठी बाभळीच्या जळणावर होणारा खर्च हा माझ्या थोरल्या बंधूंच्या, म्हणजे दादांच्या, डोक्यात कायम घोळत असे. जुन्या कपाटांचे आरसे आणि भंगारातले लोखंडी अँगल जमवून त्यांनी कारखान्याच्या पत्र्याशेजारी चौकट उभी केली, आणि ती उन्हाबरोबर फिरवण्यासाठी तिला सायकलची साखळी व दातेरी चक्र बसवले. प्रत्येक आरसा मागून तीन बोल्टांवर तोललेला होता. जुळवणी करताना दादा बाकीचे सर्व आरसे पोत्यांनी झाकत, एकाच आरशाचा कवडसा काळ्या रंगाच्या टाकीवर बरोबर मध्यभागी येईपर्यंत बोल्ट फिरवत, मग तो झाकून दुसरा उघडत. आरसे पुसायचे ते दिवस उजाडण्यापूर्वीच, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडले की ती तडकते. उन्हाळ्यात त्या पाण्यात आमच्या सुताच्या लडी रंगून निघत, आणि रंग जळणावर तापवलेल्या पाण्याइतकाच पक्का बसे.

दादांना मोठी चौकट करण्यासाठी कर्ज हवे होते. एका वित्तसंस्थेचे अधिकारी आले, टाकीच्या पाण्यात बोट घालून त्यांनी ते झटकन बाहेर काढले, आणि तरीही यंत्र मान्यताप्राप्त नमुन्याचे नाही असा शेरा मारून प्रकरण परत पाठवले. त्याच सुमारास एका लग्नघरी आमच्या चुलतभावाने सर्वांदेखत म्हटले, ‘‘दादा, हे एवढे सोपे असते तर मोठ्या कंपन्यांनी केव्हाच केले नसते का?’’ दादा उत्तर न देता पानावरून उठले. पुढे त्यांना अर्धांगवायू झाला. मी नोकरीनिमित्त नागपुरात होतो, कारखान्यातल्या कोणाला आरसे जुळवता येत नव्हते, आणि पाणी पुन्हा जळणावर तापू लागले.

चुलतभावाच्या त्या प्रश्नाचे उत्तर मी इथे देतो. फ्रँक शुमन या फिलाडेल्फियाच्या संशोधकाने १९१३ मध्ये कैरोजवळच्या माडी इथे सुमारे ६२ मीटर लांबीच्या पाच पन्हळाकार परावर्तकांवर वाफ करून नाईलचे पाणी मिनिटाला सुमारे २२ हजार लिटर या वेगाने उपसून दाखवले. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले, प्रकल्प गुंडाळला गेला, आणि १९१८ मध्ये शुमन वारले. त्याच आकाराचे परावर्तक कंपन्यांनी कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात १९८० च्या दशकात बसवले. म्हणजे कंपन्यांनी ते केले, पण सत्तर वर्षांनी. त्याआधी फ्रान्समध्ये ऑगस्टीन मूशो या गणिताच्या शिक्षकाने १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात उन्हावर बर्फ तयार करून सुवर्णपदक मिळवले होते, तरी कोळसा स्वस्त झाल्यावर सरकारने त्यांचा निधी बंद केला. यांपैकी कोणाचेही यंत्र खोटे नव्हते. इंधन स्वस्त असेपर्यंत कोणाला त्याची गरज वाटली नाही, एवढेच.

याउलट वोल्फगांग शेफलर या संशोधकांनी आपल्या, आरशांच्या थाळीसारख्या, परावर्तकाचे पेटंट घेतले नाही. त्याची थाळी पृथ्वीच्या अक्षाला समांतर आसावर फिरते, ऋतूनुसार तिची वक्रता थोडी बदलता येते, त्यामुळे उष्णता दिवसभर एकाच जागी पडते आणि भांडे हलवावे लागत नाही. शिवाय ती साध्या वर्कशॉपमध्ये तयार होते. शिर्डीच्या प्रसादालयात अशा ७३ थाळ्यांच्या वाफेवर स्वयंपाक होतो. हे तंत्र टिकले, कारण ते एका माणसाच्या हातात अडकून राहिले नाही.

म्हणून काकांना थांबवू नका. त्यांच्याकडून प्रत्येक भागाचे मापासह रेखाटन काढून घ्या, आणि आरसे जुळवायला घरातला कोणी तरुण त्यांच्या हाताखाली उभा करा. तो तरुण आपण स्वतः असाल तर फारच चांगले.

मात्र दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. दादांची टाकी उघडी होती. काका वाफ कोंडणारा बंद बॉयलर करत असतील, तर बॉयलर निरीक्षकांकडे चौकशी केल्याशिवाय आणि सुरक्षा झडप बसवल्याशिवाय तो चालू करता कामा नये, आणि एकवटलेल्या कवडशाकडे उघड्या डोळ्यांनी कोणी पाहू नये. शिवाय पंपच चालवायचा असेल तर आज उन्हापासून वीज करणारे सौर पटल घ्यावेत. आरशांची मेहनत उष्णताच हवी असेल तिथेच सार्थकी लागते. काकांना नेमके काय तापवायचे आहे आणि टाकी उघडी आहे की बंद, हे कळवलेत तर चौकटीच्या मापांविषयी पुढे लिहीन.