कागदावरची क्षमता आणि हाती येणारा माल

प्रश्न : आमच्या कारखान्यात जॉब (घडवायचा सुटा भाग) लेथ (कातकाम), मिलिंग (कटरने कापणे) आणि ग्राइंडिंग (चाकावर घासून अचूक मापाला आणणे) या क्रमाने पुढे जातो. ग्राइंडिंगला एका जॉबमागे ३ मिनिटे लागतात, म्हणून आठ तासांच्या शिफ्टमध्ये १६० जॉब निघतील असे धरून आम्ही ऑर्डरी घेतो. प्रत्यक्षात शंभरही चांगले जॉब हाती येत नाहीत आणि माल उशिरा जातो. लेथवरची माणसे मात्र अधूनमधून रिकामी असतात. दुसरे ग्राइंडिंग मशीन घ्यावे का?

उत्तर : इतक्यात नको. आधी १६० हा आकडा हिशेबातून काढून टाका. एकही मिनिट वाया न जाता मशीन चालले तर काय निघेल, एवढेच तो सांगतो. ऑर्डर घेताना प्रत्यक्षात उरणारा वेळ धरावा लागतो. शिफ्टच्या ४८० मिनिटांतून जेवण आणि चहासाठी ४०, साफसफाई आणि किरकोळ दुरुस्तीसाठी २० आणि एका प्रकारचे जॉब संपवून दुसऱ्या प्रकारचे लावताना चार वेळा प्रत्येकी ३० मिनिटांची सेटिंग (मशीनची जुळणी), असे वजा केले, तर ३०० मिनिटे उरतात. त्यांत १०० जॉब होतात आणि ४ टक्के रिजेक्शन (नापास जॉब) धरले तर ९६. आपल्याकडचे आकडे थोडे वेगळे असतील. ते अंदाजाने न भरता आठवडाभर मशीनशेजारी घड्याळ लावून नोंदवावेत.

या हिशेबात सर्वांत मोठी गळती सेटिंगची आहे, आणि उपायही तेथेच आहे. जपानचे अभियंते शिगेओ शिंगो यांनी सेटिंगच्या कामांचे दोन भाग पाडायला शिकवले : मशीन बंद ठेवूनच करावी लागणारी कामे आणि मशीन चालू असताना उरकता येणारी कामे. पुढच्या जॉबचे घासायचे चाक, फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारे साधन), गेज (माप तपासायचे साधन) आणि ड्रॉइंग आधीचा जॉब चालू असतानाच मशीनपाशी आणून ठेवले, तर ऑपरेटरला मशीन थांबवून स्टोअरमध्ये शोधाशोध करावी लागत नाही. सेटिंग ३० वरून १५ मिनिटांवर आली, तर शिफ्टमागे ६० मिनिटे सुटतात, म्हणजे २० जॉब वाढतात, आणि तेही नवे मशीन न घेता. जेवणाच्या सुट्टीत बदली ऑपरेटर देऊन हेच एक मशीन चालू ठेवता आले तर आणखी भर पडेल.

लेथवरची माणसे रिकामी दिसतात म्हणून तेथे जादा माल काढायला लावू नका, हे मी आग्रहाने सांगतो. संपूर्ण कारखान्याचा वेग सर्वांत संथ टप्पा, म्हणजे येथे ग्राइंडिंग, ठरवते. लेथने काढलेला जादा माल फक्त ग्राइंडिंगसमोर साचतो. तेथे १,००० जॉब साचले आणि शिफ्टला १०० पुढे सरकत असले, तर नव्याने रांगेत आलेल्या जॉबचा नंबर लागायला दहा शिफ्ट जातात. आपल्या उशिराचा मोठा भाग या ढिगातच असण्याची शक्यता आहे. लेथवरच्या मोकळ्या माणसांना पुढच्या सेटिंगची तयारी आणि ग्राइंडिंगला जाणाऱ्या जॉबची तपासणी द्यावी. मुळातच सदोष असलेल्या जॉबवर ग्राइंडिंगची ३ मिनिटे खर्च होणे परवडणारे नाही.

एवढे करूनही मागणी सातत्याने क्षमतेपेक्षा जास्त राहिली, तर आधी जादा शिफ्ट किंवा बाहेरून जॉबवर्क (दुसऱ्या कारखान्याकडून काम करून घेणे) यांचा विचार करावा, कारण मागणी ओसरली की ते थांबवता येते. मशीनमध्ये घातलेले भांडवल तसे परत घेता येत नाही.

प्रश्न : प्रत्येक मशीन शंभर टक्के भरलेले असावे, असा आमच्या व्यवस्थापनाचा दंडक आहे. तो योग्य आहे का?

उत्तर : नाही. जॉब ठरावीक अंतराने येत नाहीत आणि प्रत्येकाला सारखाच वेळ लागत नाही, त्यामुळे मशीन जसजसे भरत जाते तसतशी रांग झपाट्याने वाढते. ब्रिटिश गणितज्ञ जॉन किंगमन यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार प्रतीक्षेचा काळ हा भरलेल्या आणि मोकळ्या क्षमतेच्या गुणोत्तराबरोबर वाढतो. मशीन ८० टक्के भरलेले असताना हे गुणोत्तर ४ असते, ९० टक्क्यांना ९ आणि ९५ टक्क्यांना १९. म्हणजे ८० वरून ९५ वर जाताना काम पाचव्या हिश्शानेही वाढत नाही, पण प्रतीक्षा जवळजवळ पाचपट होते. ग्राहकाला तारीख देऊन ती पाळायची असेल, तर नियोजनातच थोडी क्षमता मोकळी सोडावी. किती, हे आपल्या मागणीतील चढउतार आणि मशीन बंद पडण्याचे प्रमाण पाहून ठरवावे.